सायकलचा दिवा आणि नसलेली जीप

माझं काम दिवे नापास करायचं आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात दुचाकीचे पुढचे दिवे तयार होतात, आणि त्यांतला प्रत्येक दिवा खोक्यात जाण्याआधी माझ्यापुढच्या स्टँडवर चढतो. समोर पांढरी भिंत आहे. भिंतीवर एक आडवी काळी रेघ आहे. उजेड रेघेच्या खाली पडला तर दिवा पास. वर चढला तर नापास, कारण रेघेच्या वर समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे असतात. एकोणीस वर्षं मी हे करतोय. नवीन लागलेल्यांना मी हीच रेघ दाखवतो आणि सांगतो, रस्ता खाली असतो, वर माणूस असतो.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे घडलं ते माझ्या अज्ञानातून घडलं असं कुणाला वाटू नये.

तीन वर्षांपूर्वी मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि अंग हलवा. मेहुण्याची जुनी सायकल गच्चीवर पडून होती. ती खाली उतरवली, टायर बदलले, आणि कारखान्याच्या बसऐवजी सायकलनं जायला लागलो. उस्मानपुऱ्यातून चिकलठाण्याला पाऊण तास लागतो. पहिली पाळी साडेसहाची, म्हणजे घरातून पावणेसहाला निघायचं. उन्हाळ्यात ठीक होतं. थंडी सुरू झाली तसा पूर्ण रस्ता अंधारात जायला लागला.

त्या वेळेला जालना रोडवर हौशी सायकलवाल्यांचा एक घोळका असतो. हेल्मेट, घट्ट कपडे, पुढं-मागं महागातले दिवे. एका पहाटे त्यांच्यातला एक जण माझ्या शेजारून जाताना ओरडला, "काका, लाईट लावा ना. दिसत नाही तुम्ही!"

चांगल्या मनानंच म्हणाला असेल. पण जो माणूस दिवसभर दिवे तपासतो त्याला रस्त्यात कुणीतरी दिवा लाव म्हणून सांगावं, हे मला फार झोंबलं. त्या दिवशी भिंतीसमोर उभं राहून मी कितीतरी वेळ त्याच वाक्याला उत्तरं देत होतो. संध्याकाळपर्यंत ठरलं. दिवा विकत घ्यायचा नाही, बनवायचा. आणि असा बनवायचा की त्या घोळक्यानं वळून बघावं.

पैठण गेटकडून आत गेलं की एका बोळात इलेक्ट्रॉनिक सामानाचं जुनं दुकान आहे. दुकान चालवणारे चाचा सत्तरीचे असतील. चष्मा कपाळावर, आणि मागच्या भिंतीवर शेकडो छोटे ड्रॉवर. कुठल्या ड्रॉवरमध्ये काय आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक. मी सायकलच्या दिव्यासाठी एलईडी हवेत म्हटल्यावर त्यांनी काचेवर एक-एक काढून मांडले. आधी गोल डोक्याचे बारके, खेळण्यांत असतात तसे. मी हात लावला नाही. मग ॲल्युमिनियमच्या षटकोनी चकतीवर बसवलेले, हरभऱ्याएवढे. ते दोन रंगांत होते. एक जरा पिवळसर, घरातल्या जुन्या बल्बसारखा. दुसरा पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला.

चाचांनी दोन्ही लावून दाखवले. पिवळ्यात त्यांचा हात हातासारखा दिसत होता, शिरा, नखं, सगळं. पांढरा लागला तेव्हा दुकानाची मागची भिंत उजळली आणि मी डोळे मिटले.

"हा द्या," मी म्हणालो. "तीन द्या."

"तीन?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "सायकल के वास्ते ना? कायकू इत्ती तेज लेरे भाई? पीलीवाली लेव. एक बस है. उसपे ये भिंग बिठाव, उप्पर एक छज्जा लगाव, रोशनी नीचे गिरेगी. रस्ता दिखना तुमकू, बस."

"चाचा, मी दिव्याच्याच कंपनीत आहे," मी म्हणालो. "मला माहितीये."

"फिर तो और अच्छा," ते म्हणाले. पुडी बांधताना मात्र पुन्हा थांबले. "ये सफेद आँखाँ में घुसती. सामनेवाला बी किसी का बाप रहता."

मी हसलो. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोलतायत, असं मनाला सांगितलं. खरं तर त्यांनी माझ्याच रेघेची गोष्ट सांगितली होती, आणि ती त्यांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

दिवा बनवायला दोन रविवार गेले. प्लास्टिकच्या पाइपचं बूच घेतलं, त्यात तिन्ही एलईडी त्रिकोणात बसवले, मागं उष्णता निघून जायला पात्यांचा ॲल्युमिनियमचा तुकडा लावला. बिघडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतले चांगले सेल काढून सीटखालच्या पिशवीत ठेवले. भिंग लावलं नाही, छज्जाही लावला नाही. भिंगानं उजेड आवळला जातो आणि मला तर तो सगळीकडं हवा होता. हँडलवर दिवा किंचित वर करून बसवला, म्हणजे लांबचं दिसेल.

बायको गच्चीवर कपडे काढायला आली होती. मी दिवा लावला तशी तिनं चादर तोंडासमोर धरली.

"अहो, डोळे फोडता काय लोकांचे?"

"लोकांना दिसायला पाहिजे ना मी."

"तुम्ही दिसताय कुठं? नुसता दिवा दिसतोय."

तिचं बोलणंही मी हसण्यावारी नेलं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात तो दिवा भिंतीसमोर धरून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. सायकल गेटातच लावलेली असायची. एकदाही मी तो आत नेला नाही. तो नापास होणार हे मला माहीत होतं.

पुढचे तीन आठवडे मी राजासारखा सायकल चालवत होतो. मोटारसायकलवाले माझ्यासमोर आपले दिवे खाली करायचे. घोळक्यातल्या त्या माणसानं एकदा 'मस्त' म्हणून अंगठा वर केला. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन म्हणाला, "साहेब, लांबून वाटलं बुलेट येतीय." ते वाक्य मी घरी येऊन बायकोला दोनदा ऐकवलं.

पौष असावा. धुकं नव्हतं पण गारठा चांगला होता. वसाहतीतल्या आतल्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपलाइनसाठी कडेनं चर खणला होता आणि त्या पट्ट्यातले रस्त्याचे दिवे बंद होते. समोरून एक सायकल येत होती. तिला दिवा नव्हता. माझ्या उजेडात ती बरीच आधी दिसली, मागं दोन्ही बाजूंना पोती लटकलेली, वर भाजीच्या जुड्या, आणि चालवणारा डोक्याला मफलर गुंडाळलेला म्हातारा. त्यानं एक हात हँडलवरून काढून डोळ्यांवर धरला. मला ते स्पष्ट दिसलं. दिवा खाली करायला मला फक्त बोटानं ढकलायचा होता. मी ढकलला नाही. आता पुढं गेलोच, असं वाटलं, आणि पुढं गेलो.

मागं आधी भांडं आपटल्यासारखा आवाज झाला, मग माणसाचा.

मी ब्रेक दाबला. उतरलो. आणि वळण्याआधी मी जे केलं ते मला रोज आठवतं. मी दिवा बंद केला. घाबरून हात गेला असं म्हणता येणार नाही. विचार करून हात गेला. अंधारात क्षणभर थांबलो, सायकल वळवली आणि बिनदिव्याचा त्याच्याकडं गेलो.

तो चरात पडला होता. मेथी सगळीकडं विखुरली होती. सायकल त्याच्या पायावर होती आणि उजवा हात त्यानं डाव्या हातात धरला होता. मनगट वाकडं झालेलं मोबाइलच्या उजेडातही कळत होतं.

"मामा, उठू नका. मी आहे," मी म्हणालो.

"काय दिसंनाच हो," तो कण्हत म्हणाला. "डोळ्यासमूर पांढरं फक्क झालं. कोणती गाडी व्हती? जीप व्हती काय?"

"हो," मी म्हणालो. "जीप होती. गेली पुढं."

एवढं सोपं होतं ते. त्यानं स्वतःच जीप आणली आणि मी तिला होकार दिला. सायकलला एवढा दिवा असू शकतो, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

मी त्याला चरातून वर काढलं, त्याच्या मफलरनं हात गळ्यात बांधला, रिक्षा थांबवली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. कारखान्यात फोन करून सांगितलं की रस्त्यात एकाचा अपघात झालाय, उशीर होईल. दुपारपर्यंत मी तिथंच होतो. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती. प्लॅस्टर झालं. चिकलठाणा गावाच्या मागं त्याची थोडी जमीन आणि विहीर. मेथी, कोथिंबीर, पालक लावायचा आणि रोज पहाटे मुकुंदवाडीच्या भाजीबाजारात आणून बसायचा. मुली लग्न होऊन एक गंगापूरकडं, एक कन्नडला. घरी दोघंच.

त्याची बायको आली ती शेतातून तशीच आली होती. हाताला चिखल होता. नवऱ्याला बघितलं, मग मला. तो म्हणाला, "ह्या साहेबांनी आनलं. नायतर तिथंच पडून राह्यलो असतो." ती सरळ खाली वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. मी मागं सरकलो, पण तोवर लावून झाला होता.

"मावशी, असं करू नका," मी म्हणालो.

"देवमाणूस हायेत तुम्ही," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी बायकोलाही जीपच सांगितली.

मग ती दोघं माझ्या घरी यायला लागली. दर पंधरा-वीस दिवसांनी, प्लॅस्टरचा हात गळ्यात घेऊन मामा, आणि पिशवीभर भाजी घेऊन मावशी. पहिल्यांदा आली तेव्हा मावशी दारातच थबकली, भिंतीवरच्या तसबिरींकडं बघितलं, मग आत येऊन ऐसपैस बसली. माझी बायको चहा करायची. दोघींचं चांगलं जमलं. मीही कधी त्यांच्या शेतावर, कधी बाजारात डोकावायला लागलो. आणि प्रत्येक वेळी बोलणं फिरून त्या जीपवर यायचं.

"लाल व्हती का पांढरी?" मामा विचारायचे. "म्या तपास करतोय. आमच्याकडून रोज चार-पाच जीपा जात्यात."

एकदा मी म्हणालो, "रंग नीट दिसला नाही. पण मागं लाल फडकं बांधलेलं होतं."

का म्हणालो, मला माहीत नाही. कुणी फडक्याचं विचारलं नव्हतं. पण ते सांगितल्यावर मामांचा चेहरा उजळला, काहीतरी हाती लागल्यासारखा. तेव्हापासून ते आपल्या गावच्या फाट्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या जीपांच्या मागं फडकं बघायला लागले. आणि मावशी रोज सकाळी चूल पेटवताना त्या जीपवाल्याला तळतळाट देत होती. हे तिनंच हसत-हसत माझ्या बायकोला सांगितलं. मी शेजारी बसून पोहे खात होतो.

दिवा मी त्याच दिवशी सायकलवरून काढला होता आणि जुन्या बुटांच्या खोक्यात टाकला होता. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, बिघडला. बसनं जायला लागलो. शुगर वाढली.

नंतर सुरक्षा सप्ताह आला. आमच्या कारखान्यात दर वर्षी होतो. फलक लागतात, शपथ घेतात, एखाद्याचा सत्कार करतात. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "त्या दिवशी तुम्ही अपघातग्रस्ताला मदत केली म्हणे. यंदा तुमचाच सत्कार. दोन शब्द बोला. बेजबाबदार वाहनचालक आणि प्रखर दिवे, विषय आपल्या धंद्याचाच आहे."

मी नाही म्हणू शकलो असतो. तब्येत बरी नाही म्हणालो असतो. पण मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दीडशे माणसं समोर बसली होती. मी माईक हातात घेतला आणि प्रखर दिव्यांबद्दल बोललो. रेघेबद्दल बोललो. वर माणूस असतो, हे वाक्य तिथंही वापरलं. मग जीपची गोष्ट सांगितली, लाल फडक्यासकट. टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, फोटो निघाला. तो फोटो मोठा करून कँटीनमध्ये लावला.

आम्ही दर पौर्णिमेला विहारात जातो. वडील मला बोटाला धरून न्यायचे तेव्हापासून पंचशील म्हणतोय, झोपेतही म्हणू शकतो. सत्कारानंतरच्या पौर्णिमेला चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाज बसला. सगळे म्हणत होते, माझे ओठ नुसते हलत होते. बायकोनं माझ्याकडं बघितलं. पाचवं शील मी मोठ्यानं म्हणालो, मधलं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. त्या क्षणी मला माझीच किळस आली. तिथं बसूनसुद्धा मी लपवालपवीच करत होतो.

तरीही मी बोललो नाही. बोलायला लागलं ते मामांमुळं.

प्लॅस्टर निघालं, पण मनगट पूर्ण वळेना. ते पुन्हा सायकलवर बसायला लागले होते, मात्र उजाडल्याशिवाय निघायचे नाहीत. बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं गेलेली असायची. एका रविवारी घरी आले तेव्हा चहा पिता-पिता म्हणाले, "साहेब, तुम्ही दिव्याच्या कंपनीत हायेत. मला सायकलला एक दिवा बनवून द्या ना. अंधाराचं भ्या वाटतंय आता. कोनी समूरून आलं की हात थरथरतो."

बायको लगेच म्हणाली, "देतील की. त्यांनी स्वतःच्या सायकलला बनवला होता. एवढा मोठा उजेड! मीच डोळे झाकले होते."

मामा माझ्याकडं बघून हसले. "मग तसाच द्या."

"तसा नको," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला.

दुसऱ्या दिवशी मी बोळातल्या दुकानात गेलो. चाचांनी मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी म्हणालो, "पिवळा द्या. एकच. आणि भिंग." त्यांनी निमूटपणे ड्रॉवर उघडले. भिंगांतही प्रकार होते. एक उजेडाचा गोल ठिपका पाडणारं, एक आडवा पट्टा पाडणारं. मी आडव्या पट्ट्याचं घेतलं. या वेळी दिवा चार संध्याकाळी बनवला. वर पत्र्याचा छज्जा ठोकला, दिवा वर वळूच नये म्हणून हँडलवर दोन स्क्रूंनी पक्का केला जाईल असा पट्टा केला. आणि सकाळी तो कारखान्यात भिंतीसमोर धरला. शेजारचा म्हणाला, "हे काय, सायकलचा?" मी म्हणालो, "हो, बघू दे." उजेड रेघेच्या चार बोटं खाली राहिला.

रविवारी दुपारी मी त्यांच्या शेतावर गेलो. मामा लिंबाखाली बसले होते. मावशी विहिरीजवळ मेथी धूत होती. मी सायकलला दिवा बसवायला लागलो. मामा स्क्रू हातात धरून बसले होते, एक-एक देत होते. शेवटचा स्क्रू आवळून झाला आणि मी मान वर न करताच म्हणालो,

"मामा, ती जीप नव्हती."

"टेम्पो व्हता का मग?"

"काहीच नव्हतं. माझा दिवा होता."

त्यांनी समोरच्या दिव्याकडं बघितलं. "ह्यो?"

"हा नाही. आधीचा. पांढरा. मी समोरून सायकलवर येत होतो. तुमच्या डोळ्यांत गेला तो माझाच उजेड. तुम्ही हात वर केलेला मी पाहिला होता. दिवा खाली केला नाही. मग तुम्ही पडल्यावर बंद करून आलो."

ते डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिले. मग म्हणाले, "आन् तुम्ही जीप पाह्यली म्हणले."

"म्हणालो."

"भ्यालात. समजतंय मला. मानूस भितो." ते थांबले. "पन फडकं कशाला लावलं?"

मी स्क्रूड्रायव्हर पुसायला लागलो.

"नाय, सांगा ना. जीप म्याच म्हणलो व्हतो. तुम्ही व्हय म्हणले. पर लाल फडकं? म्या किती दिवस त्या फाट्यावर हुभा राह्यलो. एका पोराला धरलं व्हतं कॉलरला. त्याच्या जीपला फडकं व्हतं म्हणून."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी म्हणालो, "मामा, चुकलो," आणि ते फारच तोकडं वाटलं.

ते उठले. "तिला सांगा," म्हणाले. "म्या नाय सांगनार. तुम्हीच सांगा."

विहिरीपर्यंत वीसेक पावलं असतील. मावशीनं मला येताना बघून पदरानं हात पुसले. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, मामांना सांगितलं त्याच क्रमानं. ती ऐकत राहिली. तिच्या हातात एक जुडी होती, तिच्यातलं पाणी टपटपत होतं. माझं संपलं तेव्हा ती एवढंच म्हणाली,

"आन् म्या तुमच्या पाया पडले."

मग पाटी उचलून आत गेली. मला वाटलं, आता निघावं. पण मामा म्हणाले, थांबा. थोड्या वेळानं मावशी चहा घेऊन बाहेर आली. नेहमी ती कप हातात द्यायची. या वेळी ओट्यावर ठेवला आणि वळली. मी तो चहा प्यालो. न पिता उठणं त्याहून वाईट झालं असतं.

अंधार पडायला लागला तेव्हा मामांनी नवा दिवा लावला, सायकल झाडाला टेकवली आणि स्वतः समोर चालत गेले, लांब, बांधापर्यंत. तिथून वळून माझ्याकडं, म्हणजे दिव्याकडं, बघत उभे राहिले. हात डोळ्यांवर धरला नाही. परत आले आणि म्हणाले, "राहू द्या. लागतो मला. अंधारात जायचं तर हायच." मी निघालो तेव्हा नेहमीसारखं 'येत जा' म्हणाले नाहीत.

रात्री बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "त्या दिवशी विहारात तुमचा आवाज गेला होता, तेव्हाच मला वाटलं होतं काहीतरी आहे. बाई असेल असं वाटलं." ती हसली नाही. "बाई असती तर मी भांडले असते. याला काय करू?" पुढं आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मावशीची भाजी यायची बंद झाली होती, आणि बाजारातून आणलेली भाजी निवडताना ती एकदा मध्येच थांबून रडली. मी दारातून बघितलं आणि आत गेलो नाही.

कारखान्यातही सांगायचं ठरवलं. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये दार लावून सगळं सांगितलं आणि म्हणालो, तो फोटो काढा. ते थोडा वेळ पेन फिरवत बसले. "तुम्ही त्याला दवाखान्यात नेलं हे तर खरं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग झालं तर. दिवे तपासणाऱ्या माणसाच्याच दिव्यानं अपघात झाला हे बाहेर गेलं तर बरं दिसतं का? तुमचं नाव जाईल, कंपनीचं जाईल. राहू द्या."

आणि मी राहू दिलं. हे लिहिताना सगळ्यात जड हेच जातंय. ते वरिष्ठ होते, मला नोकरीची गरज होती, हे सगळं खरं. पण केबिनमधून बाहेर पडताना मला हायसं वाटलं होतं, हेही खरं. फोटो अजून कँटीनमध्ये आहे. नवीन लागलेले कधी-कधी त्याच्याबद्दल विचारतात आणि मी विषय बदलतो.

सायकल पुन्हा सुरू केली आहे. माझ्या हँडलवर आता मामांच्यासारखाच एक पिवळा दिवा आहे. आठवड्यातून एकदा पाळी सुटल्यावर मी मुकुंदवाडीच्या बाजारात थांबतो. पहाटेचा माल संपला नसला तर ती दोघं तेव्हाही बसलेली असतात. मामांना जुडी बांधताना सुतळी आवळता येत नाही, म्हणून बांधायचं काम मावशीच करते. मी मेथी घेतो, पैसे देतो. पूर्वी ती वर मूठभर कोथिंबीर टाकायची. आता टाकत नाही. 'साहेब'सुद्धा गेलं. मामा 'या' म्हणतात, आणि कधी तेही नाही.

गेल्या आठवड्यात मामा चहाला गेले होते. मावशी एकटीच होती. तिनं जुडी पिशवीत टाकली, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघता-बघता म्हणाली, "आता येतेत ते अंधारातच. दिसतं म्हणले नीट."

मी मान हलवली. आणखी काही बोलावं असं वाटलं, पण मागं माणसं उभी होती. पिशवी हँडलला अडकवली आणि घराकडं निघालो.